वजन उतरते, टिकत का नाही?

स्थूल मनुष्याला उपदेश करणाऱ्यांची समाजात कधीच वाण नसते. 'कमी खावे, अधिक चालावे' हा त्या उपदेशाचा सारांश. आणि उतरलेले वजन पुन्हा चढले की 'जिभेवर ताबा नाही' हा ठरलेला निवाडा. उपदेश चुकीचा नव्हे. निवाडा मात्र अन्यायाचा आहे.

'द बिगेस्ट लूझर' या अमेरिकेतील दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनंतर पुन्हा तपासणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. स्पर्धेत या मंडळींनी सरासरी ५८ किलो वजन उतरवले होते. पैकी ४१ किलो परत आले. त्याहून विलक्षण बाब अशी की, विश्रांतीच्या अवस्थेतही त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाकाठी सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करीत होते. मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले होते की, वजन उतरवून वर्ष लोटल्यावरही भूक चाळवणारी संप्रेरके चढीच राहतात. घटलेल्या वजनाला शरीर दुष्काळ समजते आणि काटकसर आरंभते. ही मनाची दुर्बळता नव्हे. हा देहाचा स्वभाव आहे.

मग वजन टिकवतात ते कसे? किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी राखणाऱ्यांची एक नोंदवही रीना विंग आणि जेम्स हिल यांनी अमेरिकेत १९९४ साली सुरू केली. पुढे तीत दहा हजारांहून अधिक नावे नोंदली गेली. त्यांतील बहुसंख्य लोक रोज सुमारे तासभर व्यायाम करतात, आठवड्यातून एकदा तरी वजन पाहतात, सकाळची न्याहारी चुकवत नाहीत आणि दूरचित्रवाणीपुढे फार काळ बसत नाहीत. ही माणसे स्वेच्छेने पुढे आलेली असल्याने त्यांच्या सवयींना सिद्ध औषधाचे मोल देता येणार नाही, हे खरे. तथापि, उपर्युक्त स्पर्धकांतही ज्यांनी वजन राखले त्यांनी शारीरिक हालचाल इतरांहून पुष्कळच वाढवली होती.

नव्या औषधांनीही हाच धडा दिला आहे. २०२१ च्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत वजन सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी उतरले. परंतु औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातील दोन-तृतीयांश परतले. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब चढला, तर त्या रोग्याला कोणी चंचल म्हणत नाही. स्थूल व्यक्तीच्या वाट्याला तेवढा न्याय का येऊ नये?

तात्पर्य, वजन उतरवणे हे काही महिन्यांचे काम असले, तरी ते राखणे हे जन्माचे व्रत आहे. म्हणून महिन्याभरात दहा किलो घटवण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींपेक्षा, दहा वर्षे निभावेल असा साधा आहार आणि रोजचे चालणे अधिक मोलाचे. वैद्यानेही अशा रोग्याला वजन उतरताच निरोप न देता, खरी गरज तेव्हाच सुरू होते हे ओळखून, वर्षानुवर्षे सोबत करावयास हवी.