नवोदित कोणाला म्हणावे?

गेल्या डिसेंबर महिन्यात हिंजवडी-माण परिसरातील शाळांच्या एका बास्केटबॉल स्पर्धेत मी निवड समितीवर होतो. समिती तिघांची आणि काम वरवर पाहता साधे : मुलींच्या गटातील ‘उत्कृष्ट नवोदित खेळाडू’ ठरवायची. बक्षीस म्हणजे एक चषक, खेळण्याच्या बुटांचा एक जोड आणि वर्षभर मोफत प्रशिक्षण. दोन नावे पुढे आली आणि त्या दोन नावांवरून आम्ही तिघे शिक्षक रात्री साडेनऊपर्यंत भांडत बसलो. दोघींपैकी कोणीही माझ्या शाळेची नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

पहिली एका मोठ्या गृहसंकुलात राहणारी. संकुलाचा स्वतःचा कोर्ट, रात्री दिवे, पगारी प्रशिक्षक. ती तिसरीपासून खेळते. पण शाळेच्या संघातून यंदा प्रथमच उतरली, म्हणून कागदोपत्री नवोदित. दुसरी माणकडच्या रस्त्याला पत्र्याच्या खोल्यांत राहणारी. आईबाप बांधकामावर. ज्या शाळेत ती शिकते तिथे अर्धाच कोर्ट आहे आणि एकाच बाजूला रिंग. त्यावर ती दोन वर्षे शिकली. गेल्या वर्षी संघाच्या यादीत तिचे नाव बारावे होते. स्पर्धेचा नियम असा, की अनवाणी खेळाडूला कोर्टवर उतरता येणार नाही. आणि तिच्याजवळ बूट नव्हते. ती तिन्ही सामने बाकावर बसून राहिली. यंदा कोणाचे तरी जुने बूट मिळाले आणि ती खेळली. पण आयोजकांच्या वहीत गेल्या वर्षीची नोंद होती. ते म्हणाले, ‘हिचे दुसरे वर्ष आहे, ही नवोदित नाही.’

म्हणजे सहा वर्षे शिकलेली मुलगी नवी, आणि बुटांवाचून बाकावर बसलेली मुलगी जुनी! मला ही गोष्ट इतकी विपरीत वाटली, की नवोदितांचे सन्मान जगात कसे ठरतात, त्यांवर वाद कोणते झाले, हे सविस्तर मांडावेसे वाटले. आपल्या चळवळीतली तरुण मुले खेळाकडे करमणूक म्हणून पाहतात. पण ‘नवा कोण’ आणि ‘लायक कोण’ हे दोन प्रश्न एकमेकांत कसे गुंतवले जातात, हे खेळात जितके उघड दिसते तितके नोकरीच्या मुलाखतीत दिसत नाही.

अमेरिकेत नवोदित खेळाडूला ‘रूकी’ म्हणतात. फौजेतल्या ‘रिक्रूट’ या शब्दाचा तो अपभ्रंश असे सांगतात. त्याच शब्दाचे आपल्याकडे ‘रंगरूट’ झाले. तेथील व्यावसायिक बास्केटबॉलची संघटना एनबीए. १९५२-५३ च्या हंगामापासून ती दरवर्षी एका नवोदिताचा सन्मान करते. निवड पत्रकारांचे मंडळ मतपत्रिकेने करते : पहिल्या पसंतीला पाच गुण, दुसरीला तीन, तिसरीला एक. हिशोब इतका स्वच्छ असूनही वाद दरवर्षी होतोच, कारण वाद गुणांच्या बेरजेत नसतो.

२०१८ चे उदाहरण पाहा. बेन सिमन्स याला फिलाडेल्फियाच्या संघाने २०१६ मध्येच निवडले होते. पायाचे हाड मोडल्यामुळे पहिला सबंध हंगाम तो बाहेर बसला. पगार घेतला, संघाबरोबर सराव केला, पण सामना एकही खेळला नाही. डोनोव्हन मिचेल २०१७ मध्ये निवडला गेला आणि लगेच खेळला; सामन्यामागे त्याचे २०.५ गुण. हंगामाच्या अखेरीस मिचेल अंगावर एक सदरा घालून आला, त्यावर ‘रूकी’ शब्दाचा कोशातला अर्थ छापलेला. न बोलता तो म्हणत होता : हा गडी नवा कसा? नियमाचे उत्तर सरळ होते. ज्याने लीगचा एकही सामना खेळलेला नाही तो नवा. सिमन्सला पहिल्या पसंतीची १०१ पैकी ९० मते पडली. मिचेलचा सवाल मला अगदीच पोकळ वाटत नाही. वर्षभर उत्तम डॉक्टर, उत्तम प्रशिक्षक आणि उत्तम आहार मिळणे हा काही लहानसहान लाभ नव्हे. तरी नियम म्हणून नियम बरा, कारण तो एका पाहता येणाऱ्या गोष्टीवर उभा आहे : माणूस कोर्टवर उतरला की नाही.

आदल्याच वर्षीचा वाद निराळा. जोएल एम्बीड दोन हंगाम दुखापतीत घालवून आला, सामन्यामागे २०.२ गुण मिळवले, पण खेळला ३१ सामने. माल्कम ब्रॉग्डन निवडीच्या यादीत ३६ वा, म्हणजे दुसऱ्या फेरीतला, सगळ्यांनी मागे ठेवलेला. त्याचे गुण सामन्यामागे १०.२, पण तो ७५ सामने खेळला. मान ब्रॉग्डनला मिळाला. पुष्कळांना तो फिका निर्णय वाटला. मला वाटत नाही. रोज कामावर येणाऱ्या माणसाची किंमत हिंजवडीच्या कुठल्याही बांधकामावर विचारा.

परंतु हे सारे वाद घरातले. दार उघडे असलेल्यांचे. दारच बंद असेल तर ‘पहिले वर्ष’ कोठून मोजायचे? या प्रश्नाचा खरा धडा अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये आहे, म्हणून थोडे तिकडे वळतो.

बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये विसाव्या शतकाची पहिली सेहेचाळीस वर्षे काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. असा लेखी नियम नव्हता. गावातल्या विहिरीवरही पाटी कोठे असते? काळ्यांच्या लीग वेगळ्या, त्यांना तेव्हा ‘निग्रो लीग’ म्हणत. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून उतरला आणि त्याच वर्षी मोठ्या लीगने ‘सर्वोत्तम नवोदित’ हा सन्मान सुरू केला. पहिला मानकरी रॉबिन्सन. वय २८. विद्यापीठात चार खेळांत चमकलेला, लष्करात अधिकारी राहिलेला, १९४५ मध्ये कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळलेला हा पुरुष ‘नवोदित’ ठरला! क्रीडा साप्ताहिक ‘स्पोर्टिंग न्यूज’नेही त्याला तोच मान दिला, आणि सांगितले की सामाजिक प्रयोग वगैरे काही आम्ही विचारात घेतलेले नाही, केवळ खेळ पाहिला. याच साप्ताहिकाने १९४२ मध्ये काळ्या-गोऱ्यांच्या एकत्र खेळण्याला विरोध केला होता. ‘केवळ गुणवत्ता’ हा शब्द दार उघडल्यानंतरच्या दिवशी किती सोपा होतो, पाहा.

पुढचे अधिक बोलके आहे. १९४९ पासून मोठ्या लीगच्या दोन्ही शाखांत वेगवेगळा नवोदित निवडू लागले. त्यांपैकी नॅशनल लीगमध्ये १९४९ ते १९५३ अशी ओळीने पाच वर्षे हा मान न्यूकम, जेथ्रो, मेज, ब्लॅक आणि गिलियम यांना मिळाला. पाचही काळे, आणि पाचही आधी निग्रो लीगमध्ये खेळलेले. विली मेज विशीचा पोरगा होता. पण सॅम जेथ्रो तिशी ओलांडलेला होता. सॅचेल पेज तर १९४८ मध्ये आला तेव्हा ४२ वर्षांचा होता. गोलंदाज म्हणून त्या अर्ध्या हंगामात त्याने सहा सामने जिंकून दिले, एक गमावला. बेचाळीस वर्षांचा रंगरूट!

आणि मग डिसेंबर २०२० मध्ये बेसबॉलच्या धुरीणांनी जाहीर केले, की १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगनाही मोठ्या लीगचाच दर्जा होता. त्यांची आकडेवारी २०२४ मध्ये अधिकृत नोंदींत मिळवली. न्याय झाला, उशिरा. पण मग रॉबिन्सनचे पहिले वर्ष १९४५ ठरते आणि १९४७ मध्ये तो नवोदित उरत नाही! सन्मान अर्थातच काढून घेतला नाही. १९८७ पासून तो त्याच्याच नावाने दिला जातो. पण ही गाठ सुटत नाही. कारण नवेपण त्या माणसात नव्हते. ते दारावर बसलेल्याच्या वहीत होते.

आता घरी येऊ. हिंजवडीपासून पुणे कँप काही फार लांब नाही. तेथील युरोपियनांच्या पूना क्लबात १८९० च्या दशकात पळवणकर बाळू नावाचा चांभार समाजातला तरुण मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीला होता. महिना चार रुपये. साहेबलोकांना सरावाला तो डावखुरी फिरकी टाकी, तास न् तास. हातात बॅट कोणी दिली नाही. गोलंदाजी अंगमेहनतीची, म्हणून ती करायला नोकर, फलंदाजी साहेबाची. पुण्याच्या हिंदूंचा संघ युरोपियनांशी सामने खेळे, त्यांना हा गोलंदाज हवा होता आणि नकोही होता. अखेर घेतला. मैदानावर चेंडूला सर्वांचे हात लागत, पण चहाच्या वेळी बाळूंना तो मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळू तेव्हा ३५ वर्षांचे. त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, प्रत्येकी एकोणीसपेक्षा कमी धावांत. इंग्लंडच्या मैदानांवर हे त्यांचे पहिलेच वर्ष. त्या वर्षीचा नवोदित निवडायचा असता तर दुसरे नाव घेण्याजोगे होते काय? तेथील क्रिकेट लेखकांच्या क्लबचा तरुण क्रिकेटपटूचा सन्मान १९५० मध्ये सुरू झाला; त्यात वयाची अट तेवीसची. बाळूंची तेविशी पूना क्लबातली खेळपट्टी लोळवण्यात गेली होती. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही मोठ्या झगड्यानंतर. (१९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. तो इतिहास आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्यामुळे ११४ बळी कमी होत नाहीत.)

आज आपल्या भागात काय आहे? जुन्या सांगवीचा ऋतुराज गायकवाड थेरगावच्या अकादमीत शिकला. २०२१ च्या आयपीएलमध्ये ६३५ धावा काढून त्याने सर्वाधिक धावांचा मान मिळवला आणि ‘उदयोन्मुख खेळाडू’चाही. ते त्याचे दुसरे वर्ष होते. आयपीएलचा नियम पहिल्या वर्षाचा हट्ट धरत नाही. वय आणि आधी खेळलेले सामने मोजतो. म्हणजे आधी पाच-सहा सामने खेळलेलाही ‘उदयोन्मुख’ ठरू शकतो. आमच्या स्पर्धेत मात्र एकही न खेळलेली मुलगी जुनी. नियम माणसेच करतात आणि माणसे आपल्या अंगणातून जग पाहून करतात. बूट नसणारा खेळाडू असू शकतो, हे नियम लिहिणाऱ्याच्या मनातही आले नसेल. त्याच्यावर मी दुष्टपणाचा आरोप करीत नाही. पण त्याला ते दिसले नाही, हा आरोप राहतोच.

समितीत मी सिमन्सचा दाखला दिला. माझे एक सहकारी भले गृहस्थ. ते म्हणाले, ‘जाऊ द्या सर, गरीब आहे, तिलाच देऊन टाकू.’ आयोजकांच्या आडमुठेपणापेक्षा मला याच वाक्याचा जास्त राग आला. मी म्हणालो, ‘तुम्ही तिला भीक घालताय. ती नियमात बसते की नाही एवढे ठरवा. बसत असेल तर मग दोघींचा खेळ पाहू.’ आवाज चढला होता, हे कबूल करतो. मी स्वतः बास्केटबॉलचा चेंडू हातात घेतला तो अकरावीत. तोवर तो फक्त तारेच्या कुंपणाबाहेरून पाहिलेला. तो राग त्यात मिसळला असावा.

समितीतल्या तिसऱ्या बाई पूर्वी राज्य पातळीवर खेळलेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘गेल्या वर्षीच्या स्कोअरशीट काढा.’ बास्केटबॉलच्या स्कोअरशीटवर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक चौकोन असतो. खेळाडू कोर्टवर उतरला की गुणलेखक तेथे फुली मारतो. तिन्ही सामन्यांचे कागद आणले. बाराव्या नावापुढचे तिन्ही चौकोन कोरे होते. आयोजकांना मान्य करावे लागले. मुलगी नवी ठरली.

मग खेळावर मतदान झाले. गृहसंकुलातल्या मुलीचे गुण जास्त होते, हात सफाईदार, डावीकडूनही तितकीच चालणारी. दुसरीने बचाव केला, चेंडू हिसकावले, रिबाऊंड घेतले; तिच्या संघाला उपांत्य फेरीपर्यंत तिनेच नेले असे माझे मत. दोन विरुद्ध एक मतांनी चषक पहिलीला गेला. माझे मत दुसरीला होते. बाईंचे पहिलीला, आणि त्यांनी दिलेली कारणे मला खोडून काढता आली नाहीत. भले गृहस्थही, आता दयेचा प्रश्न उरला नाही म्हणून की काय, त्यांच्या बाजूला गेले. पुढच्या वर्षीच्या नियमपत्रिकेत ‘यादीत नाव’ याऐवजी ‘कोर्टवर उतरल्याचा पहिला सामना’ असे लिहायचे, हे मात्र आम्ही तिघांनी एकमताने लिहून दिले, आणि बुटांची सोय स्पर्धेने करावी असेही. पहिल्या सूचनेला होकार आला आहे. दुसरीचे उत्तर अजून नाही.

बक्षीस समारंभानंतर ती मुलगी मला फाटकापाशी भेटली. मी तिला ते कोरे चौकोन सांगितले, ती हसली. बांधकाम मार्चमध्ये संपेल, मग बिऱ्हाड चाकणकडे हलणार, म्हणाली. तिथल्या शाळेत बास्केटबॉलचा कोर्ट नाही, कबड्डीचा संघ आहे. कबड्डी ती अजून एकदाही खेळलेली नाही.