काळ्या पाषाणाच्या खाली

आज अंदमानातल्या बॅरन बेटावरच्या ज्वालामुखीकडे जायचं ठरलं होतं. ते लांबणीवर टाकतो. लोहारा तालुक्यातून एका वाचकांचं पत्र आलंय. आपल्या पायाखालचा दगड लाव्हाचा, मग 1993 चा किल्लारीचा भूकंप तो लाव्हा ओकणाऱ्या जुन्या ज्वालामुखीनेच घडवला का, असं ते विचारतात. याचं उत्तर बॅरन बेटाआधी द्यायला हवं.

ज्वालामुखीचा त्यात हात नव्हता. भूकंपानंतर किल्लारीत 617 मीटर खोल बोअर घेतलं गेलं. आपल्याकडे विहीर खणताना मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण लागत जातो, तसे लाव्हाचे थर तिथेही लागले. पण 338 मीटरवर ते संपले! पुढे जेमतेम 8 मीटर जुना गाळ आणि त्याखाली थेट अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला पट्टेदार, ग्रॅनाइटच्या कुळातला खडक. सह्याद्रीत दीड हजार मीटरच्या पुढे जाणारी लाव्हाची जाडी इकडे पूर्वेला येईतो अशी विरळ होते. तो लाव्हाही 6.6 कोटी वर्षांपूर्वीच थिजलेला.

30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी सरकला तो खालचा जुना खडक. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर उत्तरेकडे रेटला जातो, हिमालयापाशी अडतो आणि तो ताण पार आपल्यापर्यंत पोचतो. खोलवरच्या जुन्या भेगेला तो सोसवला नाही. एक बाजू दुसरीवर चढली. किल्लारीच्या शिवारात जमीन फुटून वर उचलली गेली, ती त्यामुळेच. 6.2 तीव्रतेचा हा धक्का फार खोल नव्हता, म्हणून वर हादरा जबर बसला. गणेश विसर्जन करून झोपलेल्या माणसांवर मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदं कोसळली. सुमारे आठ हजार माणसं गेली.

तोवर हा मुलूख भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. जुनी नोंद नाही म्हणजे भूकंप नाही, असा हिशेब. तो किती तोकडा होता हे आपल्याच तेरने दाखवलं, आणि याचं मला फार अप्रूप वाटतं. गोरोबाकाकांचं तेर, सातवाहनकाळातलं तगर. भूकंप-अभ्यासक सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी तिथले मातीचे थर तपासले, तेव्हा त्यांना सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा दिसल्या. पोथ्यांत नाही ते तेरणाकाठच्या मातीत टिकलं होतं. आपल्या जिल्ह्यातली जुनी पांढरी म्हणूनच मला भूकंपमापकाइतकी मोलाची वाटते. घरासाठी तिची माती उकरून नेली जाते, तेव्हा जीव तुटतो.

पत्रात दुसराही प्रश्न आहे: माकणीच्या धरणाचं पाणी याला कारणीभूत होतं का? त्यासाठी आधी कोयना धरणाजवळच्या 1967 सालच्या भूकंपाकडे जावं लागेल. पुढचा आठवडा त्यालाच देऊ. बॅरन बेट त्यानंतर.