रुग्णपसंती व उपचारलाभमापन

रुग्णपसंती व उपचारलाभमापन : उपचाराच्या निरनिराळ्या परिणामांना रुग्ण जे सापेक्ष महत्त्व देतो, ते विचारात घेऊन चिकित्सीय चाचणीतील लाभ मोजण्याची पद्धती. आयुर्मानातील वाढ, लक्षणांचा उपशम, दुष्परिणाम व कार्यक्षमतेचा ऱ्हास हे सर्व एकाच उपचारातून संभवत असल्याने केवळ एका परिणामावरून काढलेला निष्कर्ष रुग्णाच्या दृष्टीने अपुरा ठरतो.

स्वरयंत्राचा कर्करोग हे याचे बोलके उदाहरण होय. संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकल्यास स्वाभाविक वाणी नष्ट होते. प्रारण चिकित्सेने ती टिकू शकते. बार्बरा मॅकनील व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ३७ निरोगी व्यक्तींच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे २० टक्के व्यक्ती वाणी राखण्यासाठी शस्त्रक्रियेऐवजी प्रारण चिकित्सा पसंत करतील, मग जगण्याची शक्यता घटली तरी चालेल, असे त्यात आढळले.

पसंतीला संख्यात्मक रूप देण्यासाठी कालविनिमय पद्धती वापरतात. व्याधिग्रस्त अवस्थेतील १० वर्षे व पूर्ण आरोग्यातील ८ वर्षे एखाद्यास समतुल्य वाटल्यास त्या अवस्थेचे मूल्य ०·८ धरतात. या मूल्याने कालावधीस गुणून गुणवत्ता-समायोजित आयुर्वर्षे काढतात. परंतु अशा मूल्यांची सरासरी घेतली की, व्यक्तिगत भेद झाकले जातात.

दुसरी पद्धती युग्मतुलनेची आहे. तिचे व्यापक रूप २०१० मध्ये मांडले गेले. उपचार गटातील प्रत्येक रुग्णाची नियंत्रण गटातील प्रत्येक रुग्णाशी तुलना करतात. प्रथम सर्वांत महत्त्वाचा परिणाम पाहतात. त्यात बरोबरी झाल्यास पुढचा. समजा, प्रत्येक गटात १०० रुग्ण असून १०,००० युग्मांपैकी ५,००० मध्ये उपचार व ३,००० मध्ये नियंत्रण सरस ठरले, तर निव्वळ लाभ २० टक्के होतो. स्टुअर्ट पोकॉक व इतरांनी २०१२ मध्ये सुचविलेले विजय-गुणोत्तर येथे सुमारे १·६७ येते. एक रुग्ण वाणी गमावून अधिक जगला व दुसरा वाणीसह कमी जगला, तर आयुष्यास अग्रक्रम दिल्यास पहिला आणि वाणीस दिल्यास दुसरा सरस ठरतो. म्हणजे परिणामांचा क्रम बदलताच निष्कर्ष उलटू शकतो.

म्हणून हा क्रम निष्पत्ती हाती येण्यापूर्वी निश्चित करणे अगत्याचे असते. अन्यथा सोयीचा क्रम निवडला जाण्याचा धोका असतो. शिवाय निरोगी व्यक्तीची व रुग्णाची पसंती भिन्न असू शकते आणि आजाराच्या ओघात ती बदलतेही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वैद्यकीय उपकरणांसंबंधीच्या निर्णयांत रुग्णपसंतीच्या वापराविषयी २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.