बाख या जर्मन आडनांवाचें मूळ व त्याचा प्रवास

जर्मनींतील थुरिंगिया प्रांताचें बाख घराणें संगीतामुळें सर्वत्र विश्रुत आहे. परंतु या घराण्याचा मूळ पुरुष कोण व तो कोठून आला, याविषयीं ग्रंथांतरीं जें सांगितलें जातें, तें बहुतेक सर्व एकाच कागदावरून घेतलेलें आहे, ही गोष्ट वाचकांच्या फारशी लक्षांत येत नाहीं. त्या कागदाची परीक्षा येथें करण्याचें योजिलें आहे. कारण आपल्याकडील करिने व वंशावळी चाळणारास ज्या अडचणी पदोपदीं भासतात, त्याच या परदेशी कागदांतही आहेत.

सुप्रसिद्ध योहान सेबास्टिआन बाख यानें इ. स. १७३५ मध्यें, म्हणजे आपल्या वयाच्या पन्नाशींत, आपल्या संगीतोपजीवी कुळाची उत्पत्ति सांगणारी एक टांचणवजा वंशावळ तयार केली. तींत ५३ पुरुषांच्या क्रमवार नोंदी असून तो स्वतः चोविसावा आहे. त्याच्या हातची मूळ प्रत आज उपलब्ध नाहीं. जी आहे ती त्याच्या नातीनें, म्हणजे कार्ल फिलिप एमान्युएल याच्या मुलीनें, केलेली नक्कल होय. ही नक्कल एमान्युएलनें १७७४-७५ च्या सुमारास फोर्केल या इतिहासकाराकडे पाठविली व तींत स्वतःची भर घातली. फोर्केलच्या १८०२ मधील चरित्राचा कुळकथेपुरता आधार हाच कागद. तेव्हां मजकूर आजोबाचा, अक्षर नातीचें व पुरवणी मुलाची, असा तीन पिढ्यांचा हात त्यांत आहे. उतारा देतांना कोणतें वाक्य कोणाचें हें सांगितल्यावांचून तो प्रमाण मानूं नये.

कागदाचा आरंभ फाइट बाख या पुरुषापासून होतो. तो हंगेरींत पांढऱ्या पावाचा भटारी होता. सोळाव्या शतकांत ल्यूथरच्या पंथामुळें त्यास तो देश सोडावा लागला. मालमत्ता विकून जें हातीं आलें तें घेऊन तो जर्मनींत आला व गोथा शहराजवळील वेखमार गांवीं स्थायिक झाला. दळण दळावयास गिरणीवर जातांना तो आपलें एक लहानसें तंतुवाद्य बरोबर नेई व जात्याच्या घरघरींत तें वाजवीत बसे, अशी आठवण कागदांत मोठ्या कौतुकानें दिली आहे.

यावरून बाख घराणें मूळचें हंगेरियन, असें विधान पुष्कळांनीं केलें. फिलिप स्पिट्टा यानें १८७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या चरित्रग्रंथांत त्यास हरकत घेतली. वेखमारच्या कारभारी मंडळींत १५६१ सालीं हान्स बाख नांवाचा एक इसम होता, असें त्यास दप्तरांत आढळलें. फाइटच्या मुलाचेंही नांव हान्सच. पण तो १६२६ मध्यें वारला, म्हणून १५६१ सालीं गांवचा कारभार पाहण्याइतका तो प्रौढ असणें संभवत नाहीं. हा हान्स निराळा व वडील पिढींतला मानावा लागतो. आणि नवख्या निर्वासिताच्या कुळास असा मान लवकर मिळत नसतो. स्पिट्टाचा दुसरा पुरावा असा कीं, वेखमारचें देऊळ संत व्हायटस याचें आहे व फाइट हें त्याच संताचें नांव, तेव्हां फाइटचा बाप्तिस्मा तेथेंच झाला असावा. हा दुसरा पुरावा आम्हांस दुबळा वाटतो. फाइट हें नांव त्या काळीं जर्मन मुलखांत ठिकठिकाणीं ठेवीत असत. पहिला मात्र सहजासहजीं खोडतां येणार नाहीं.

वस्तुतः कागद व दप्तर यांत विरोध नाहीं. फाइट हंगेरींत जन्मला असें कागद कोठेंच म्हणत नाहीं. तो तेथें भटारी होता एवढेंच म्हणतो. धंद्याचें ठिकाण तें जन्मस्थान, ही जोड मागाहूनच्या वाचकांची आहे. शिवाय त्या काळची हंगेरी म्हणजे आजची हंगेरी नव्हे. प्रेसबर्ग, म्हणजे आतांचें ब्रातिस्लाव्हा, हेंही तींत मोडे व तेथें जर्मन वस्ती मोठी होती. थुरिंगियांतून तिकडे गेलेला मनुष्य परत आला, हा अर्थ आम्हांस अधिक ग्राह्य वाटतो.

नांवाची साक्षही याच बाजूची आहे. बाख म्हणजे ओढा. ओढ्याकांठीं राहणाऱ्यास पडलेलें हें नांव शुद्ध जर्मन असून, भटारी या अर्थाच्या ‘बेकर’ शब्दाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. फाइटच्या धंद्यावरून तो जोडण्याचा मोह टाळावा. मात्र ओढे गांवोगांवीं असल्यामुळें सर्व बाख एका कुळाचे, असेंही म्हणतां येत नाहीं.

फाइटच्या मुलानें गोथा येथें नगरवादकाजवळ उमेदवारी केली. त्या वेळीं ग्रिमेनस्टाइनचा किल्ला उभा होता व गुरु त्याच्या बुरुजांत राहत असे, असें कागद सांगतो. तो किल्ला १५६७ सालीं पाडला गेला. कुळकथेस कालाची खुंटी मिळते ती ही. पुढें नातू योहान १६३५ मध्यें एर्फुर्टास गेला, आणि तेथें या कुळाचा जम असा बसला कीं अठराव्या शतकांत एकही बाख उरला नसतांना नगरवादकांस लोक ‘बाख’च म्हणत. आडनांवाचें धंद्याचें नांव झाल्याचें याहून चांगलें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

सेबास्टिआनचा वडील भाऊ योहान याकोब स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सच्या फौजेंत वादक म्हणून शिरला, तुर्की मुलखांत जाऊन आला व १७२२ मध्यें स्टॉकहोम येथें वारला. धाकटा मुलगा योहान क्रिस्टिआन प्रथम मिलान येथें व १७६२ पासून लंडनला राहिला. इटलींत तो कॅथॉलिक झाला. ज्या पंथासाठीं फाइटनें घर सोडलें तोच पंथ सहाव्या पिढींत सुटला! प्रामाणिक फाइटनें केलें त्याहून यानें निराळें केलें, ही गोष्ट आपसांतली, अशा आशयाचा शेरा एमान्युएलनें वंशावळींत मारून ठेविला आहे.

वंशावळींत केवळ संगीतोपजीवी पुरुषच आहेत. त्यामुळें एखादें नांव तींत नाहीं म्हणून तो इसम कुळांतला नव्हे, असा निष्कर्ष काढणें चुकीचें ठरेल. पूर्वजांच्या रचनांचा जो संग्रह सेबास्टिआनकडून एमान्युएलकडे आला, तो पुढें बर्लिनच्या झिंग-आकाडेमी या संस्थेंत होता. दुसऱ्या महायुद्धांत तो नाहींसा झाला. १९९९ सालीं तो कीव्ह येथें सांपडला व २००१ मध्यें बर्लिनला परत आला. वंशावळींतील वडील पिढीच्या नोंदी या रचनांच्या हस्तलिखितांशीं पुन्हा ताडून पाहण्याची सोय त्यामुळें झाली आहे.