सुती बनियन वास्कोतच ठेवा

भारताची अंटार्क्टिका मोहीम चालते ती वास्कोच्या हेडलँड सड्यावरून. राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र इथेच आहे. डिसेंबर 1981 मध्ये पहिली मोहीम निघाली तीही गोव्याच्या किनाऱ्यावरूनच. गोव्याच्या उकाड्यात सुती बनियनला तोड नाही, पण अंटार्क्टिकातल्या मैत्री किंवा भारती तळावर तेच घात करतं. सूत घाम पितं आणि लवकर वाळत नाही. ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. बाकीच्या अंतर्वस्त्रांनाही हाच नियम.

म्हणून अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओलावा शोषूनही गार लागत नाही. पॉलिएस्टर पाणी धरतच नाही, मात्र दोन दिवसांत वास मारतं! त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, सर्वांत वर वारा अडवणारं घट्ट विणीचं नायलॉनचं जाकीट.

खरा वैरी वारा. उणे 20 अंशांत ताशी 40 किलोमीटर वारा सुटला, की उघड्या कातडीला उणे 34 अंशांचा गारठा जाणवतो. सैल विणीच्या जाड स्वेटरमधून वारा आरपार जातो.

थंड मुलुखात बोटीवर निघालेल्या तारवटीने किंवा लडाखला जाणाऱ्या पर्यटकानेही दुकानातच परीक्षा घ्यावी: अस्तर नसलेल्या जागी जाकिटाचं कापड ओठांना लावून जोरात फुंकर मारा. पलीकडे हाताला हवा लागली, तर ते परत ठेवा.