भग्न पूजास्थानांचे दर्शन : सातारा जिल्ह्यातील बौद्ध लेणी व थायलंडमधील अयुथया

प्रस्तावना

पाचगणीच्या टेबललँडवर पांडवांच्या वास्तव्याची कथा जिच्याशी जोडली जाते अशी एक नैसर्गिक गुहा आहे. पसरणी घाट उतरून वाईमार्गे पुढे गेल्यास लोहारे गावाजवळ मानवी हातांनी खोदलेली लेणीही आहेत. सामान्य प्रवाशाच्या दृष्टीने या दोहोंत फारसा फरक नसतो. जुनी गुहा म्हणजे पांडवांची, असे समीकरण महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहे. परंतु एक निसर्गाची निर्मिती आहे, तर दुसरी भिक्षुसंघाची वास्तू. अशी वास्तू पाहताना अभ्यासकाने कोणती दृष्टी ठेवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. तुलनेसाठी थायलंडमधील अयुथया या प्राचीन राजनगरीचा आधार घेतला आहे.

अयुथया : एका आघाताने ओस पडलेली नगरी

अयोध्येवरून नाव घेतलेली ही नगरी चौदाव्या शतकाच्या मध्यास नद्यांच्या संगमावर वसविली गेली. सुमारे चार शतके ती सयामची राजधानी होती. इ. स. 1767 मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने ती जाळली व लुटली. त्यानंतर राजधानी प्रथम थोनबुरी येथे आणि 1782 मध्ये बँकॉक येथे गेली. नव्या राजधानीच्या बांधकामासाठी अयुथयेच्या विटाही वाहून नेण्यात आल्या. आज तेथे विटांचे उंच स्तूप, छप्पर नसलेली सभागृहे आणि मस्तकहीन बुद्धमूर्तींच्या रांगा दिसतात. वाट महाथात येथे झाडाच्या मुळांत वेढलेले बुद्धमस्तक जगप्रसिद्ध आहे. 1991 मध्ये या नगरीचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला.

येथील एक प्रथा लक्षणीय आहे. त्या बुद्धमस्तकासमवेत छायाचित्र घेणाऱ्याने आपले डोके त्याहून खाली राहील अशा रीतीने बसावे, अशी अपेक्षा असते. मंदिर भग्न झाले, तरी त्याचे पावित्र्य संपले असे तेथील समाज मानत नाही.

सातारा जिल्ह्यातील लेणी

सातारा जिल्हा व त्याची सीमा या परिसरात शिरवळ, वाईजवळील लोहारे आणि कऱ्हाडजवळील आगाशिव ही बौद्ध लेण्यांची प्रमुख स्थाने आहेत. यांपैकी आगाशिवचा समूह सर्वांत मोठा आहे. कऱ्हाडच्या नैर्ऋत्येस, जखिणवाडीजवळच्या डोंगरात साठांहून अधिक लेणी तीन गटांत विखुरलेली आहेत. बहुतेक लेणी लहान व साधी आहेत : एक दालन, त्याला लागून खोल्या आणि खोल्यांत दगडी बाक. चैत्यगृहांत पूजाविषय म्हणून स्तूप आहे. हा प्रारंभिक परंपरेचा विशेष होय. बुद्धमूर्ती हे अयुथयेच्या मंदिरांचे केंद्र होते. येथे ते स्थान स्तूपाचे आहे. अजिंठ्यासारखे शिल्पवैभव येथे नाही, याचे एक कारण येथील खडकाचा निकृष्ट दर्जा हे सांगता येते.

या साधेपणामागे मोठा व्यवहार होता. कोकणातील बंदरांकडून घाट चढून येणारा व्यापार कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातून देशावर जाई. कऱ्हाडचे प्राचीन नाव ‘करहाकड’ अथवा ‘करहाकट’ असे शिलालेखांत आढळते. मध्य भारतातील भरहूत स्तूपाच्या कठड्यावर या नगराच्या दानाचा उल्लेख आहे, तर कोकणातील कुडा लेण्यांत करहाकड येथील लोखंडाच्या एका व्यापाऱ्याचे दान नोंदलेले आहे. म्हणजे येथील लोक दूरच्या धर्मस्थानांनाही साहाय्य करीत होते. आगाशिवच्या एका लेखात गोपालपुत्र संघमित्र याने लेणे दान दिल्याची नोंद आहे. ही लेणी राजाज्ञेने नव्हे, तर अशा दात्यांच्या आश्रयाने उभी राहिली.

ऱ्हास की रूपांतर ?

अयुथयेचा नाश एका युद्धात झाला. सातारा परिसरातील लेण्यांच्या बाबतीत अशी एखादी घटना दाखविता येत नाही. आश्रय आटला, भिक्षू गेले आणि वास्तू उरली. मात्र ती रिकामी राहिली नाही. लोहारे येथील एका लेण्यातील स्तूप पालपेश्वर या नावाने शिवलिंग म्हणून पूजिला जातो. आगाशिवच्या डोंगरावर शिवमंदिर असून तेथील एका स्तूपाच्या दर्शनी भागी विठ्ठलाची मूर्ती आढळते.

या स्थित्यंतराकडे दोन प्रकारे पाहिले जाते. काहींना त्यात मूळ वास्तूचा लोप दिसतो, तर काहींना केवळ देवस्थान दिसते. दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. मूळ ओळख नाकारल्यास दात्यांचा व भिक्षूंचा इतिहास पुसला जातो. नंतरची पूजा नाकारल्यास ज्या शतकांत स्थानिकांनी या जागेत दिवा लावला, त्या शतकांचा इतिहास पुसला जातो. स्तूपाचा गोल घाट आणि त्यावर वाहिलेले बेलपत्र हे दोन्ही पुरावेच आहेत.

महाविद्यालयीन अध्यापनातील उपयोग

शैक्षणिक सहली बहुधा प्रसिद्ध स्थळांकडेच जातात. जवळची लेणी मागे पडतात. या लेण्यांना भेट देताना पुढील बाबी उपयुक्त ठरतील :

1. भेटीपूर्वी विहार, चैत्यगृह व स्तूप या संज्ञा आराखड्यासह समजावून द्याव्यात.
2. विद्यार्थ्यांकडून दालनाचे मोजमाप, खोल्यांची संख्या व पाण्याच्या टाक्यांचे स्थान यांची नोंद करवून घ्यावी.
3. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून शिलालेखावर खडू वा पाणी लावू नये; तिरप्या प्रकाशात ती वाचता येतात.
4. पूजा चालू असलेल्या ठिकाणी पादत्राणे बाहेर काढावीत व गावकऱ्यांकडून स्थानिक आख्यायिका ऐकून स्वतंत्रपणे नोंदवावी. आख्यायिका हा वास्तूच्या काळाचा पुरावा नसला, तरी लोकस्मृतीचा पुरावा आहे.

समारोप

अयुथयेला जगाची मान्यता आहे. तेथे रक्षक आहेत, सूचनाफलक आहेत. आडबाजूच्या लेण्यांचे रक्षण बहुतांशी पाहणाऱ्याच्या वर्तनावरच अवलंबून असते. भुसभुशीत खडकावर कोरलेले एक नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्याचा लेख कायमचा बिघडवू शकते. संघमित्राचेही नाव दगडावरच आहे. परंतु ते इतरांच्या निवाऱ्यासाठी दिलेल्या दानाची नोंद म्हणून. हा भेद विद्यार्थ्याच्या ध्यानी आणून देणे हे अशा भेटीचे पहिले फलित मानावे लागेल.