विखुरलेली दप्तरं : एका वर्षाची तीन वर्षं

औरंगाबादच्या औरंगपुऱ्यातल्या एका वाचकांनी विचारलंय, ‘किले अर्कातले कागद हैदराबादला गेले. आता त्यांचे फोटो निघाले म्हणजे आपलं दप्तर पुन्हा एकत्र आलं ना?’ या प्रश्नावर मी कितीही बोलू शकतो.

1916 साली औरंगाबादच्या किले अर्क या बालेकिल्ल्यातून हैदराबादच्या दफ्तर-ए-दिवाणी या कचेरीत गेलेले कागद आज तेलंगणाच्या अभिलेखागारात आहेत. शाहजहान आणि औरंगजेबाच्या काळातले दीड लाखाच्या आसपास मोगल कागद तिथे आहेत. इकडे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात इनायतजंग संग्रह आहे : 1658 ते 1774 या काळातले सुमारे 1,37,000 कागद, तेही दख्खनच्याच कारभाराचे.

या मोगल कागदांतला ‘अर्ज-ओ-चेहरा’ हा माझा सर्वांत लाडका कागद. स्वाराचं नाव, बापाचं नाव, रंग, भुवया, तीळ कुठे, जखमेचा वण कुठे. खाली घोड्याचा रंग आणि त्याच्यावरचा डाग. हजेरीला मनसबदाराने उसना माणूस उभा करू नये, म्हणून एवढी बारकाई. आता समजा, एका स्वाराचा चेहरा हैदराबादेत आहे आणि त्याच मनसबदाराच्या पगाराची पावती दिल्लीत. दोन्हींचे फोटो एका पडद्यावर शेजारी-शेजारी मांडायची सोय आज आहे. पण या चेहऱ्याला ही पावती लागते, हे सांगणार कोण? सूचीतली नोंद.

आणि नोंदीत पहिली ठेच लागते ती तारखेला. औरंगजेबाचं जुलूसचं, म्हणजे राज्यारोहणाचं, वर्ष 1 रमजानपासून मोजत. पंचविसावं जुलूस सप्टेंबर 1681 मध्ये लागलं. दक्षिणेकडे निघालेला बादशहा तेव्हा अजून वाटेत होता. मार्च 1682 मध्ये तो औरंगाबादेत पोहोचला, तरी जुलूस पंचविसावंच. त्या वर्षातल्या शव्वालचा कागद हिजरी 1092 चा, इसवी 1681 चा. त्याच वर्षातल्या रजबचा कागद हिजरी 1093 चा, इसवी 1682 चा. एका सूचीकाराने नुसतं जुलूस लिहिलं, दुसऱ्याने नुसतं इसवी, की संगणकाच्या लेखी या कागदांची ओळखच तुटते. म्हणून माझा आग्रह : कागदावर आहे तशीच तारीख आधी उतरवा, रूपांतर शेजारच्या रकान्यात. मूळ तारीख गाळून नुसतं इसवी साल देणारी सूची मी अपुरी मानतो, मग तिच्यातले फोटो कितीही स्वच्छ असोत.

गावाच्या नावाचंही तसंच. आपलं औरंगाबाद त्या कागदांत पुष्कळदा ‘खुजिस्ता बुनियाद’ म्हणून येतं. नोंदीत ही दोन्ही नावं एकमेकांना जोडलेली नसतील, तर ‘औरंगाबाद’ असा शोध घेणाऱ्याला ते कागद सापडायचे नाहीत. औरंगपुऱ्यात बसून शोधणाऱ्यालाही नाहीत.